जुनी फ्रँचायझी गेममध्ये नेताय, पण तिथे राहणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सायन्स फिक्शन चित्रपटांच्या फ्रँचायझींवर लेख आला होता. त्यात म्हटलं होतं की थिएटरचा प्रेक्षक आता वयस्कर झालाय, तरुण मंडळी सगळी ऑनलाइन गेममध्ये असतात, तेव्हा या जुन्या विश्वांनी मुक्काम तिकडे हलवावा म्हणजे त्यांना नवं आयुष्य मिळेल. लेख चांगला होता, सोप्या भाषेत लिहिलेला होता, पण वाचताना असं वाटत होतं की ही आयडिया लेखकाला परवाच सुचलीये आणि आजवर कुणी हे केलेलंच नाही. अहो केलंय की. वीस-बावीस वर्षं झाली, मोठमोठ्या कंपन्यांनी केलं, काही तरले, बरेच बुडाले, आणि जे बुडाले ते ग्राफिक्स वाईट होते म्हणून नाही बुडाले. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या ऑनलाइन गेमचा भाग तेवढा ठेवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

स्टार वॉर्सचा पहिला चित्रपट १९७७ चा. पहिली त्रयी १९८३ ला संपली, मग १९९९ पर्यंत मुख्य मालिकेतला एकही चित्रपट नाही, आणि १९९९ ला जो आला तो जुन्या चाहत्यांपैकी निम्म्यांना पचला नाही. अशा वेळी २६ जून २००३ ला सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट आणि लुकासआर्ट्सने 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' हा ऑनलाइन गेम आणला. त्याचा क्रिएटिव्ह डायरेक्टर राफ कोस्टर, जो आधी 'अल्टिमा ऑनलाइन' या गेमचा लीड डिझायनर होता, म्हणजे हजारो माणसं एकाच जगात सोडली की ती काय काय करतात हे जवळून बघितलेला माणूस. आणि त्याच्या टीमने एक साधा पण अवघड प्रश्न सोडवायला घेतला. चित्रपटात हिरो असतात चार-पाच, गेम विकत घेणार लाखो लोक, आता सगळ्यांनाच ल्यूक स्कायवॉकर केलं तर एका चौकात चाळीस ल्यूक उभे राहणार, मग कसलं विश्व आणि कसलं काय.

त्यांचं उत्तर असं की तुम्ही हिरो नाहीच, तुम्ही त्या जगातले एक रहिवासी. तीसहून जास्त व्यवसाय होते आणि त्यातले कितीतरी असे की बंदुकीला हातही लावायची गरज नाही. शिंपी होते, आचारी होते, घरं डिझाइन करणारे आर्किटेक्ट होते, दुसऱ्यांचे केस आणि चेहरेपट्टी बदलून देणारे होते, पुढे तर खेळाडूंनी स्वतःची शहरं वसवली आणि महापौर निवडून दिले. लढून आलेल्या माणसाला एक प्रकारचा शीण चढायचा आणि तो औषधाने उतरायचा नाही, कँटिनात (म्हणजे तिथल्या बारमध्ये) जाऊन कुणी नाचतंय-वाजवतंय ते बघत बसलं की उतरायचा, आणि ते नाचणारे-वाजवणारे कॉम्प्युटरने चालवलेले नव्हते, तेही दर महिन्याला पैसे भरणारे खेळाडूच. म्हणजे लढणाऱ्याला कलाकाराची गरज, कलाकाराला शिंप्याची, शिंप्याला कच्चा माल काढून आणणाऱ्याची. तो कच्चा मालसुद्धा एका जागी कायम नसायचा, आज या ग्रहावर उत्तम प्रतीचं तांबं सापडतंय, काही दिवसांनी ते संपणार, आणि पुन्हा अगदी तसंच कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे ज्याने वेळेत साठा करून ठेवला त्याच्या दुकानातल्या बंदुका भारी आणि सर्व्हरभर त्याचं नाव. दुकान म्हणजे खरंच दुकान बरं का, लोक दुसऱ्या ग्रहावरून तिथे खरेदीला यायचे. आणि यायचं तर शटलची वाट बघत काही मिनिटं स्टेशनात थांबायला लागायचं, त्यावर लोक वैतागायचे, पण अर्ध्या ओळखी तिथेच व्हायच्या.

आता हे बघा, यातलं जवळजवळ काहीच चित्रपटात नाही. चित्रपटात कँटिनाचा सीन आहे काही मिनिटांचा, कोपऱ्यात चित्रविचित्र प्राणी बसलेत, बँड वाजतोय, आणि कथा पुढे सरकते. पण ज्या पोराने तो सीन बघितला त्याला पुढे काय झालं यापेक्षा त्या कोपऱ्यात बसलेला तो कोण, तो रात्री कुठे जातो, काय खातो, हेच डोक्यात राहिलं. सायन्स फिक्शन फ्रँचायझीची खरी कमाई ही असते, हिरो नाही. हिरोची गोष्ट दोन-अडीच तासांत संपते. मागे दिसलेलं जग संपत नाही, आणि ऑनलाइन गेम ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यात त्या मागच्या जगात जाऊन बसता येतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर, पुढे फक्त कंपन्यांनी ते कसं परत परत घालवलं ते सांगतो.

गेम निर्दोष होता असं नाही म्हणत. बग ढीगभर होते. गंमत म्हणजे स्टार वॉर्सच्या गेममध्ये स्वतः उडवायला अंतराळयानच नव्हतं, ते ऑक्टोबर २००४ च्या एक्सपान्शनने (म्हणजे वेगळ्या विकलेल्या वाढीव भागाने) आलं, तोवर सगळं जमिनीवर. आणि खरी गोम होती जेडायची, म्हणजे स्टार वॉर्समधल्या अद्भुत शक्ती असलेल्या योद्ध्यांची. सुरुवातीला जेडाय व्हायचं कसं हे गुपित ठेवलं होतं, म्हणजे ते दुर्मिळ राहावेत, चित्रपटातल्या त्या काळात ते जवळपास संपलेलेच असतात त्यामुळे तर्काला धरूनच होतं. पण मग होलोक्रॉन नावाची वस्तू सापडायला लागली जी इशारा द्यायची की अमुक व्यवसाय पूर्ण शिक. झालं! जो माणूस सहा महिने आनंदाने आचारी होता त्याने आचारीपणा सोडला, जी कँटिनात वाजवायची तिने वाद्य ठेवलं आणि जनावरं पाळायला शिकायला गेली, आवड असो नसो, कारण यादीतलं पुढचं नाव ते होतं. हिरो व्हायची शक्यता दिसली आणि रहिवासी आपापली कामं सोडून पळाले. इथून गेमचा तोल जो गेला तो गेलाच.

मग २००४ च्या नोव्हेंबरला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा दुसरा ऑनलाइन गेम आला आणि वर्षभरात त्याचे पन्नास लाख सदस्य झाले. गॅलॅक्सीजचे तीनेक लाखांच्या आसपास होते. धंद्याच्या हिशोबाने तीन लाख माणसं दर महिन्याला पैसे देतायत हे काही वाईट नव्हतं, पण जगातली सगळ्यात प्रसिद्ध फ्रँचायझी हातात असताना तीनच लाख का, हा प्रश्न वरच्या मजल्यावर कुणीतरी विचारणारच. त्यातून आधी एप्रिल २००५ मध्ये लढाईची सगळी पद्धत बदलली आणि मग नोव्हेंबर २००५ मध्ये ते कुप्रसिद्ध 'न्यू गेम एन्हान्समेंट्स', ज्याला खेळाडू आजही एनजीई म्हणून शिवी दिल्यासारखं म्हणतात. तीसच्या वर व्यवसायांचे नऊ केले. जेडाय पहिल्या मिनिटापासून कुणालाही निवडता येईल. सुरुवातीलाच चित्रपटातला हिरो हान सोलो येऊन तुम्हाला सोडवतो. आणि टायमिंग तर असं की महिन्याच्या सुरुवातीला एक एक्सपान्शन विकायला काढलं, लोकांनी पैसे देऊन घेतलं, आणि दोन-तीन दिवसांत सांगितलं की गेम मुळापासून बदलतोय. एक्सपान्शनचे पैसे परत द्यायची वेळ आली कंपनीवर. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबरमध्ये त्याची बातमी केली, त्या काळी गेममधल्या बदलाची बातमी तिथे येणं ही साधी गोष्ट नव्हती.

लोक चिडले ते गेम सोपा केला म्हणून, असं बरेच जण लिहितात. मला नाही पटत. ज्या बाईने दोन वर्षं नृत्यांगना म्हणून नाव कमावलं, ज्या माणसाने प्राणी पाळण्याचा धंदा उभा केला, त्यांना एका सकाळी लॉगिन केल्यावर कळलं की असा व्यवसाय आता अस्तित्वातच नाही किंवा आहे तो नावापुरता. कंपनीने चित्रपटाच्या डोक्याने विचार केला, की लोक इथे हान सोलो व्हायला येतात. ते हान सोलोच्या शेजारी राहायला आले होते.

१५ डिसेंबर २०११ ला गॅलॅक्सीज बंद झाला, आणि पाचच दिवसांनी, २० डिसेंबरला, बायोवेअरचा 'द ओल्ड रिपब्लिक' आला. चित्रपटांच्या साडेतीन हजार वर्षं आधीचा काळ, आठ क्लास (म्हणजे पात्रांचे प्रकार) आणि प्रत्येकाची स्वतंत्र कथा, झाडून सगळे संवाद कलाकारांकडून बोलून घेतलेले. काळ एवढा मागे नेण्यात हुशारी आहे, पुढच्या चित्रपटात काय होणार याची वाट बघत बसायला लागत नाही. कथा उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मासिक सबस्क्रिप्शनवर एक वर्षसुद्धा धड निभलं नाही, नोव्हेंबर २०१२ मध्ये फुकट करावा लागला, कारण कथा संपली की माणूस निघून जातो, तुम्ही कितीही वेगाने नवी लिहा, वाचणारा लिहिणाऱ्यापेक्षा फास्टच असतो. शिंपी मात्र निघून जात नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक येत असतं. (हा गेम अजून चालू आहे हे सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याचे चाहते मला सोडणार नाहीत.)

आता मॅट्रिक्स. एखादी फ्रँचायझी ऑनलाइन गेमसाठीच जन्माला आली असेल तर ती ही, सगळी माणसं मुळातच एका बनावट जगात लॉगिन झालेली आहेत! २००३ मध्ये दोन चित्रपट पाठोपाठ आले, तिसऱ्यानंतर लोकांचा उत्साह ओसरला, आणि मार्च २००५ मध्ये 'द मॅट्रिक्स ऑनलाइन' आला. यात धाडस असं केलं होतं की चित्रपटांची पुढची अधिकृत गोष्ट गेममध्येच घडणार. आणि खरंच घडली, काही महिन्यांतच चित्रपटातल्या एका मुख्य पात्राचा, मॉर्फियसचा, खून झाला. कंपनीची माणसं स्वतः कॅरेक्टर बनून यायची, खेळाडूंशी बोलायची, तुम्ही झायनच्या (म्हणजे माणसांच्या शहराच्या) बाजूने की मशीन्सच्या की मेरोव्हिंजियनच्या यावर प्रसंग बदलायचे. कल्पना म्हणून आजही कुणी याच्या पुढे गेलंय असं मला वाटत नाही. पण यासाठी रोज पगारी माणसं लागतात, आणि गेम त्याच वर्षी सोनीकडे गेल्यावर पहिली काटछाट तिथेच झाली. मग मागे राहिलं एक भलंमोठं, हिरवट, बऱ्यापैकी रिकामं शहर. ३१ जुलै २००९ ला सर्व्हर बंद. २०२१ ला जो चौथा चित्रपट आला त्याने स्वतःची वेगळीच वाट धरली, त्यामुळे चार वर्षं तिथे राहून ज्यांनी 'अधिकृत' गोष्ट जगली त्यांच्या हातात काय राहिलं तर काही नाही. त्याच २०२१ मध्ये अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलेला 'द मॅट्रिक्स अवेकन्स' नावाचा एक फुकट डेमो निघाला होता, बघणारा थक्क होईल असं शहर होतं त्यात. जुलै २०२२ मध्ये तोही डाउनलोडवरून काढून टाकला. डेमोसुद्धा ठेवला नाही हो!

स्टारगेटचं एका ओळीत सांगतो, १९९४ चा चित्रपट, मग टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेल्या मालिका, मग 'स्टारगेट वर्ल्ड्स' नावाचा गेम जाहीर, आणि तो बाजारात यायच्या आधीच बनवणारी कंपनी दिवाळखोरीत.

बरं चाललेलं उदाहरण हवं तर स्टार ट्रेक. मालिका १९६६ ची, पहिला चित्रपट १९७९ चा, २००५ ला टीव्हीवरची मालिका बंद पडली आणि २००९ च्या चित्रपटाने तर वेगळीच टाइमलाइन सुरू केली. म्हणजे जुन्या विश्वात नंतर काय झालं हे कुणी सांगतच नव्हतं. 'स्टार ट्रेक ऑनलाइन'चं काम आधी पर्पेच्युअल नावाच्या कंपनीकडे होतं, ती बंद पडली, मग लायसन्स क्रिप्टिक स्टुडिओजकडे आलं आणि त्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये गेम काढला, घाईघाईत काढला, सुरुवातीला अर्धा कच्चा होता. पण काळ निवडला २४०९, जुन्या सगळ्या मालिकांच्या नंतरचा, आणि टीव्हीवर सामसूम असताना जवळजवळ सात वर्षं ती टाइमलाइन पुढे नेण्याचं काम या गेमनेच केलं. जुने कलाकार हळूहळू येऊन आपापल्या पात्रांना आवाज देऊन गेले. पुढची एंटरप्राइझ कशी असावी याची चाहत्यांसाठी स्पर्धा घेतली होती, त्यातून जे जहाज झालं ते २०२३ मध्ये 'पिकार्ड' मालिकेत पडद्यावर दिसलं. पडद्याकडून गेमकडे तर सगळेच जातात, गेममधून पडद्यावर उलटा प्रवास मला फारसा कुठे दिसलेला नाही.

आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय गेले तेव्हा लोक गेममधल्या स्पॉकच्या व्हल्कन ग्रहावर जाऊन जमले, रांगाच्या रांगा लावून उभे राहिले. नंतर कंपनीने तिथे स्मारक उभारलं. डिसेंबर २०१६ मध्ये स्टार वॉर्समधली राजकन्या लिया, म्हणजे कॅरी फिशर, गेल्यावर 'ओल्ड रिपब्लिक'मध्ये खेळाडू असेच लियाच्या अल्डरान ग्रहावर जमले होते. जुन्या फ्रँचायझीचे कलाकार जाणारच आहेत, वयच आहे, पण चित्रपटाच्या प्रेक्षकाला अशा वेळी जायला जागा नसते, या लोकांना होती. तुमच्या लेखात 'नवं आयुष्य' हा शब्द आला होता तो मला इथे पटतो, तिकीटबारीच्या संदर्भात नाही.

स्टार ट्रेकवाल्यांची थोडी टिंगलही केली पाहिजे. ज्या विश्वात १९९६ च्या चित्रपटात कॅप्टन पिकार्ड स्वतः सांगतो की आमच्या शतकात पैसा नाही, त्या विश्वाचा गेम जानेवारी २०१२ मध्ये फुकट झाला आणि तेव्हापासून डायलिथियम हे चलन, एनर्जी क्रेडिट्स हे चलन, लोबी क्रिस्टल हे चलन, आणि वर कुलूपबंद पेट्या ज्यांची किल्ली विकत घ्यायची आणि आत काय निघेल ते नशीब. कुणाला पेटीत जहाज लागलं की सगळ्या सर्व्हरला जाहिरात. दुकानदार फेरेंगी, म्हणजे त्या विश्वातली नफेखोर जमात, ठेवलेत, म्हणजे निदान लाज आहे थोडी!

पेट्यांवरून आठवलं, २०१७ चा स्टार वॉर्सचाच 'बॅटलफ्रंट २'. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडर अनलॉक करायला ६०,००० क्रेडिट्स, लोकांनी हिशोब मांडला तर चाळीसेक तास खेळायला लागणार होतं, आणि तास घालवायचे नसतील तर लूट बॉक्स, म्हणजे तशाच नशिबाच्या पेट्या, विकत घ्या. एवढा गोंधळ झाला की गेम काढणाऱ्या ईए कंपनीला किंमत ७५ टक्क्यांनी कमी करावी लागली आणि गेम बाजारात यायच्या काही तास आधी पैसे घेण्याची सगळी सोयच तात्पुरती बंद करावी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने लूट बॉक्स हा जुगारच आहे असं सांगून टाकलं. परत तेच बघा, हिरो विकायला काढला. कँटिनातला वादक विकायला काढला असता तर एवढं कुणी तापलं नसतं.

आता सगळ्यात नवा रस्ता. स्वतःचा गेम बनवायचाच नाही, दुसऱ्याच्या गेममध्ये पाहुणे म्हणून जायचं. फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्ये स्टार वॉर्स, मार्व्हल, एलियन, टर्मिनेटर सगळे एका मैदानात नाचतायत. १४ डिसेंबर २०१९ ला स्टार वॉर्समधला खलनायक सम्राट पॅल्पटीन याचा एक संदेश फोर्टनाइटमध्ये ऐकवला आणि आठवड्याभराने आलेल्या स्टार वॉर्सच्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या सरकत्या मजकुरात सरळ लिहिलं होतं की दीर्घिकेने एक गूढ प्रक्षेपण ऐकलंय. म्हणजे जो चाहता १९७७ पासून थिएटरात येतोय त्याने ते ऐकलेलंच नाही, आणि जो तिथे स्किन (म्हणजे एखाद्या पात्राचा वेश) घालून उड्या मारत होता त्याने ऐकलं, त्याला कदाचित काही पडलेलीही नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्टार वॉर्सची मालक असलेल्या डिस्नेने फोर्टनाइटच्या एपिक गेम्समध्ये दीड अब्ज डॉलर गुंतवले, म्हणजे यापुढे हेच वाढणार. मे २०२५ मध्ये तिथे डार्थ व्हेडर एआयने बोलायला लागला, चित्रपटांत त्याला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात, त्यांच्या जाण्याला वर्षही झालं नव्हतं, कुटुंबाची परवानगी होती म्हणा, पण लोकांनी पहिल्याच दिवशी त्याच्याकडून शिव्या वदवून घेतल्या आणि कलाकारांच्या युनियनने कामगार बोर्डाकडे तक्रार नोंदवली. तरुण पोरं या फ्रँचायझींना ओळखतात का, तर हो, कपडे म्हणून ओळखतात. त्याला नवं आयुष्य म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि ब्रँडमुळेच गेम चालतो हा तुमच्या लेखातला मुद्दा, त्याला दोन उत्तरं आहेत. ज्या २००३ मध्ये गॅलॅक्सीज आला त्याच वर्षी मे महिन्यात आइसलंडच्या सीसीपीने 'ईव्ह ऑनलाइन' काढला, मागे एकही चित्रपट नाही, एकही प्रसिद्ध चेहरा नाही, तो आजही चालू आहे, कारण तिथलं राजकारण, व्यापार, दगाबाजी सगळं राहणाऱ्यांनीच उभं केलंय आणि कंपनीने त्यांचं जग एका सकाळी पुसलं नाही. दुसरं म्हणजे २०२४ चा 'हेलडायव्हर्स २', बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती विकल्या गेल्या. १९९७ चा 'स्टारशिप ट्रूपर्स' बघितलेल्या कुणालाही साम्य डोळ्यात भरेल, किडे तेच, फसवी देशभक्ती तीच, थट्टा तीच. त्या चित्रपटाचं लायसन्स घेतलेला अधिकृत गेमही आहे, त्याचं नाव मात्र आपल्याला शोधावं लागतं.

तर मग लायसन्स घेऊन मिळतं काय? भाड्याची जागा मिळते. भिंतीत खिळा मारायचा तर मालकाला विचारा, आणि करार संपला की सामान बाहेर. गेम बनवणाऱ्याच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे, त्याने सह्या केल्यात. पण आत राहणाऱ्या खेळाडूने दहा वर्षं घर सजवलं असतं, त्याचा त्या करारात कुठे उल्लेखही नसतो. चित्रपट जुना झाला तरी डिस्क कपाटात राहते, रिळं संग्रहालयात जातात. ऑनलाइन गेमचा अर्धा भाग सर्व्हरवर असतो, तो बंद झाला की तुमच्याकडची डिस्क म्हणजे नुसती चकती. आणि हे फक्त फ्रँचायझीपुरतं नाही, यूबीसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला 'द क्रू' हा गाड्यांचा गेम बंद केल्यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या.

गॅलॅक्सीजच्या लोकांनी तर वाटच बघितली नाही. एनजीईच्या आधीचा, अगदी लढाईची पद्धत बदलायच्याही आधीचा गेम जसाच्या तसा परत उभा करायचा म्हणून चाहत्यांनी एमुलेटर (म्हणजे मूळ सर्व्हरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतला, सर्व्हरचा कोड कुणी दिलेला नसताना, गेम कसा वागायचा ते आठवून आठवून, फुकटात, वर्षानुवर्षं. ते सर्व्हर आज चालतात. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे दुसऱ्या एका गटाने एनजीईनंतरचा, तो सगळ्यांनी शिव्या घातलेला गेम परत जिवंत केलाय, आणि तिथेही भरपूर लोक आहेत! कारण २००५ नंतरही सहा वर्षं तिथे नवी माणसं येत होती आणि त्यांच्यासाठी तेच घर होतं. माझ्यासारख्या एनजीईला नावं ठेवणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते, पण मला वाटतं याने मुद्दा पक्काच होतो, लोक डिझाइनसाठी नाही, तिथे गेलेल्या आपल्या दिवसांसाठी परत येतात. यातल्या एकालाही अधिकृत परवानगी नाही. मालकाने डोळेझाक केलीये तोवर चालू, उद्या एक नोटीस आली की संपलं.

परवानगी देता येत नाही असं नाही हो. 'सिटी ऑफ हीरोज' नावाचा गेम, ज्या क्रिप्टिकने पुढे स्टार ट्रेक बनवला त्यांचाच २००४ चा, तो मालक कंपनी एनसीसॉफ्टने नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद केला, चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर चालवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच एनसीसॉफ्टने 'होमकमिंग' या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर लायसन्स दिलं. तिथे सोपं होतं कारण गेमही त्यांचा आणि पात्रंही त्यांचीच, मध्ये कुठला स्टुडिओ नाही. चित्रपटाच्या फ्रँचायझीत स्टुडिओ वेगळा, पब्लिशर वेगळा, गेम बनवणारा वेगळा, कलाकारांच्या चेहऱ्याचे हक्क आणखी वेगळे, त्यामुळे गेम बंद पडल्यावर हे सगळे एका टेबलावर येऊन चाहत्यांना काही देतील ही आशाच नको. जे ठरवायचं ते पहिला करार करतानाच ठरवायला हवं, की गेम बंद केला तर सर्व्हरचा सॉफ्टवेअर ना-नफा तत्त्वावर चालवायला कुणाकडे जाईल, त्यातले कलाकारांचे चेहरे आणि आवाज ठेवायचे की काढायचे, आणि त्यासाठी किती मुदत. वकिलांना दोन पानं जास्त लिहावी लागतील. तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी कुठल्या जुन्या फ्रँचायझीचा ऑनलाइन गेम जाहीर झाल्याची बातमी आली, तर ट्रेलर कसा आहे याच्या आधी ही दोन पानं लिहिलीयेत का एवढं तुमच्या वार्ताहराला विचारायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक (आणि अजूनही लॉगिन करणारा)